न चमकलेले काजवे

पुणे-सोलापूर महामार्गावर, दौंड तालुक्यात वरवंड आहे. या पट्ट्यात, म्हणजे दौंड आणि शेजारच्या शिरूर तालुक्यात, जत्रेला कुस्त्यांचा हगामा ही ठरलेली गोष्ट. त्या गर्दीत जुना पैलवान ओळखायला त्याची छाती किंवा मांडी पाहावी लागत नाही. कान पाहिला की पुरते. वर्षानुवर्षे प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याशी, खांद्याशी आणि मातीशी रगडून कान सुजतो. कातडी आणि आतली कुर्चा यांच्यामध्ये रक्त साकळते, तिथेच घट्ट होते आणि कान कायमचा गाठाळ, चिंबलेला होऊन बसतो. कोणत्या कुस्तीत कान गेला हे पैलवानालाही बहुधा नेमके सांगता येत नाही, कारण तो एका कुस्तीत गेलेलाच नसतो. शेकडो लहान रगडण्यांची ती बेरीज असते आणि ती सगळ्यांना दिसते. या प्रकरणाचा विषय अशाच एका बेरजेचा आहे, पण ती कवटीच्या आत होते. मेंदूला झालेली इजा कानासारखी बाहेरून दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही.

कुस्तीवरून फुटबॉलकडे जाणे महाराष्ट्रात तरी लांबची उडी नाही. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावे वाचून पाहावीत: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. ज्या तालमींनी पेठांना पैलवान दिले, त्यांच्याच नावाने शाहू स्टेडियमवर अकरा-अकरा पोरे चेंडूमागे धावतात आणि स्थानिक सामन्यालाही स्टेडियम भरते. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. म्हणजे फुटबॉल हा आपल्याकडे केवळ टीव्हीवर बघायचा परका खेळ नाही. आणि या खेळाची एक खासियत आहे. बहुतेक खेळांत डोक्याला लागते ते अपघाताने, फुटबॉलमध्ये मात्र डोके हे खेळायचे अवजार आहे. उंच आलेला चेंडू खेळाडू मुद्दाम कपाळावर घेतो, आणि चांगला हेडर म्हणजे कौशल्य समजले जाते. त्यामुळे डोक्यावर वारंवार बसणाऱ्या माराचे पुढे काय होते, हा प्रश्न जगात सर्वांत नीट तपासता आला तो याच खेळात. त्या तपासातून निघालेली गोष्ट थोडक्यात अशी: घात एका मोठ्या माराने होतोच, पण लहान लहान मारांच्या संख्येनेही होतो, आणि ही संख्या कमी करणे आपल्या हातात आहे.

डोक्याला जोरात लागले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असे आपण म्हणतो. भाषेने इथे एक वैद्यकीय लक्षण अचूक टिपून ठेवले आहे. मेंदू साधारण सव्वा ते दीड किलोचा, घट्ट लागलेल्या दह्यासारखा मऊ, आणि कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असलेला. डोके एकदम थांबले किंवा झटक्यात वळले की कवटी वळते, पण आतला मऊ गोळा किंचित मागे राहतो आणि पिळला जातो. हा पीळ सर्वांत जास्त जाचतो तो मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणाऱ्या लांब तंतूंना. ते ताणले गेले की काही काळ निरोपांचा गोंधळ उडतो. काजवे चमकतात, घेरी येते, मळमळते, आताच काय झाले ते आठवत नाही. याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. आपण मेंदूचा हादरा म्हणू. यासाठी शुद्ध हरपावीच लागते असे नाही. बहुसंख्य हादऱ्यांत ती हरपत नाही. आणि हाडही मोडत नाही, रक्तही येत नाही, म्हणून सीटी स्कॅनमध्ये सगळे नेहमीसारखे दिसते. हादरा बसलेल्याने तो ओळखावा, ही अपेक्षाही फोल आहे. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरला डोक्यावर टक्कर बसली, तो सुमारे चौदा मिनिटे तसाच खेळत राहिला, आणि मग त्याने पंचांनाच विचारले की हा अंतिम सामना आहे का. पण या प्रकरणाचा खरा रोख काजव्यांवर नाही. चेंडू डोक्यावर घेतल्यावर बहुतेक वेळा काजवे चमकत नाहीत, खेळाडू हसत पुढे पळतो, आणि तरीही तंतू थोडे ताणले गेलेले असतात. ते न चमकलेले काजवे कुठे जमा होतात, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाची सुरुवात मुष्टियुद्धातून झाली. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने लिहिले की रिंगणात बरीच वर्षे ठोसे खाल्लेले काही मुष्टियोद्धे पुढे दारू न पिताच दारुड्यासारखे झोकांड्या खातात, अडखळत बोलतात, गोष्टी विसरतात. मुष्टियुद्धात डोक्यावर मारणे हाच खेळ असल्यामुळे त्याचे कोणाला फार नवल वाटले नाही. फुटबॉलकडे बोट वळले ते इंग्लंडमध्ये, २००२ साली. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन संघाचा जेफ अॅसल हेडरसाठी नावाजलेला आघाडीपटू होता. तो वयाच्या अवघ्या ५९ व्या वर्षी, स्मृती पार गेलेल्या अवस्थेत वारला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निकाल दिला: व्यवसायजन्य आजार. हा शब्द तोवर खाणीतल्या धुळीने फुप्फुसे गेलेल्या कामगारांसारख्यांसाठी वापरला जात असे. धुळीचा एक कण कोणाला मारत नाही. रोज थोडी थोडी आत जाते. चेंडूचेही तसेच घडले असावे, असे त्या निकालाने सुचवले. २०१४ मध्ये डॉ. विली स्टुअर्ट यांनी अॅसलचा जतन केलेला मेंदू पुन्हा तपासला, तेव्हा त्यात मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत सापडणारा आजारच सापडला.

त्या आजाराचे नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी. लांबलचक म्हणून त्याला सीटीई म्हणतात. तंतूंच्या आत टाऊ नावाचे एक प्रथिन असते. आतली नळ्यांची रचना जागेवर धरून ठेवणे हे त्याचे काम. तंतू पुन्हा पुन्हा ताणले गेले की हे प्रथिन जागा सोडते आणि गुंत्यासारखे साठू लागते. सीटीईमध्ये हा गुंता मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साठतो, आणि नेमक्या त्याच जागांवर पिळाचा ताण सर्वाधिक पडतो. लक्षणे मार बसल्यानंतर कित्येक वर्षांनी येतात: चिडचिड, खिन्नता, स्वभावातला बदल, विसरभोळेपणा आणि शेवटी स्मृतिभ्रंश. खात्रीचे निदान आज तरी मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते, आणि पहिला मोठा आक्षेप इथेच येतो. अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलमधल्या १११ माजी व्यावसायिक खेळाडूंचे मेंदू तपासले आणि ११० जणांत सीटीई आढळल्याचे जाहीर केले. आकडा जगभर गाजला. पण मेंदू दान करणारी घरे बहुधा तीच, जिथे वडील किंवा नवरा शेवटी ओळखू येईनासा झाला होता. ज्याचे सारे ठीक होते त्याच्या घरचे कशाला मेंदू पाठवतील? म्हणून १११ पैकी ११० हा सगळ्या खेळाडूंचा हिशेब नव्हे. हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. त्या अभ्यासाने आजार आहे एवढे सिद्ध केले. तो किती जणांना होतो हे सांगण्यासाठी निवडून आलेले मेंदू नकोत, सरसकट सगळ्या खेळाडूंची यादी हवी.

अशी यादी स्कॉटलंडमध्ये होती. तिथे जुन्या व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी होत्या आणि साऱ्या देशाच्या आजारांची व मृत्यूंची सरकारी नोंदही होती. स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही जोडल्या. ७,६७६ माजी फुटबॉलपटू एका बाजूला आणि त्याच वयाचे, त्याच आर्थिक स्तरातले २३,०२८ सामान्य पुरुष दुसऱ्या बाजूला. २०१९ मध्ये निकाल आला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण पावलेल्यांचे प्रमाण खेळाडूंत १.७ टक्के, सामान्य लोकांत ०.५ टक्के, वयाचा हिशेब लावल्यावर धोका सुमारे साडेतीन पट. अल्झायमरची नोंद असलेल्या मृत्यूंत फरक पाच पटींच्या आसपास. त्याच अभ्यासात एक चांगली बातमीही होती, आणि ती लपवणे अप्रामाणिकपणा होईल: हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणारे खेळाडू कमी होते, आणि सत्तरीपर्यंत एकूण मृत्यूंचे प्रमाणही त्यांच्यात कमीच होते. धावल्याचा फायदा शरीराला झाला होता. किंमत मोजली ती फक्त मेंदूने.

इथे शंकेखोर वाचक विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की याला चेंडूच कारण कशावरून? खेळाडू जास्त जगले, म्हणून स्मृतिभ्रंशाच्या वयापर्यंत पोहोचले असतील. किंवा त्यांच्या पिण्याखाण्यात, दुखणी दाबण्यासाठी घेतलेल्या औषधांत काही असेल. पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे, तुलना समान वयाशीच केली होती. दुसऱ्या शंकेला उत्तर दिले ते गोलरक्षकाने. तो त्याच संघात असतो, तोच पगार घेतो, त्याच बसने प्रवास करतो, तीच मेजवानी खातो. एक मात्र तो क्वचितच करतो, चेंडू डोक्यावर घेत नाही, हातात घेतो. २०२१ मध्ये त्याच स्कॉटिश नोंदी जागेनुसार वेगळ्या करून पाहिल्या तेव्हा गोलरक्षकांचा धोका सामान्य माणसांपेक्षा खात्रीने वाढलेला दिसला नाही. बचावपटूंचा मात्र जवळपास पाचपट निघाला, आणि समोरून लांब मारलेले चेंडू डोक्याने परतवणे हे तर बचावपटूचे रोजचे काम. शिवाय पंधरा वर्षांहून अधिक कारकीर्द असलेल्यांचा धोका सर्वांत जास्त, थोडी वर्षे खेळलेल्यांचा कमी. मात्रा वाढली की परिणाम वाढतो, आणि मात्रा अगदी कमी असलेल्यात तो खात्रीने दिसत नाही. कारण आणि परिणाम यांचे नाते ओळखण्याची ही जुनी खूण आहे. २०२३ मध्ये स्वीडनमधून ६,००७ अव्वल खेळाडूंचा अभ्यास आला. तिथे धोका स्कॉटलंडपेक्षा बराच कमी, सुमारे दीडपट, निघाला; पार्किन्सनचा तर उलट घटलेला दिसला. पण गोलरक्षकांचा वेगळेपणा तिथेही तसाच राहिला. धोका नेमका किती पट यावर वाद घालायला जागा आहे. तो कोणत्या दिशेला झुकतो यावर फारशी नाही.

तिसरा आक्षेप चेंडूचा. ही सगळी जुनी माणसे चामड्याचा, पावसात पाणी पिऊन दगडासारखा होणारा चेंडू डोक्यावर घेत. आजचा चेंडू पाणी पीत नाही, मग जुनी भीती आज कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. नियमाने चेंडूचे कोरडे वजन १९३७ पासून साधारण तेवढेच, आज ४१० ते ४५० ग्रॅम, आहे. ओला चेंडू जड होई, म्हणून तो सावकाश येई. आजचा हलका राहतो, म्हणून वेगाने येतो. मेंदूला बसणारा झटका वजन आणि वेग दोन्हींवर ठरतो. आणखी एक गोष्ट अशी की स्कॉटिश अभ्यासातले खेळाडू १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जन्मलेले होते. त्यांतले धाकटे बऱ्यापैकी नव्या चेंडूने खेळले, तरी दशकामागून दशक धोका घटत गेल्याचे दिसले नाही. आज विशीत असलेल्या खेळाडूंचे काय होईल याचे उत्तर २०६० च्या आसपास मिळेल. तोवर थांबायचे की नाही, हा विज्ञानाचा प्रश्न नाही, शहाणपणाचा आहे.

चौथा आक्षेप आपल्याकडच्या वाचकाचा, आणि तो सर्वांत वजनदार. हे सारे परदेशी व्यावसायिकांचे. आमचा पोरगा शाळेच्या संघात पावसाळ्यात चार महिने खेळतो, त्याचा याच्याशी काय संबंध? प्रामाणिक उत्तर असे की व्यावसायिकांचा साडेतीन पट धोका उचलून शाळकरी मुलाच्या डोक्यावर ठेवणे चूक आहे. पण हौशी खेळाडू पूर्ण सुरक्षित आहेत, असेही पुरावा सांगत नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ३७ प्रौढ हौशी खेळाडूंचे मेंदू खास एमआरआयने पाहिले. वर्षाला साधारण ८८५ ते १,५५० हेडरच्या पुढे गेलेल्यांच्या मेंदूत पांढऱ्या तंतूंची रचना विस्कटल्याच्या खुणा दिसल्या, आणि १,८०० च्या पुढे स्मृतीच्या चाचणीतही घसरण दिसली. अभ्यास लहान आहे, त्याला शेवटचा शब्द म्हणता येणार नाही. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठाने २०१६ मध्ये १९ जणांना कोपऱ्यावरून आल्यासारखे चेंडू वीस वेळा डोक्यावर घ्यायला लावले. लगेच घेतलेल्या स्मृतिचाचणीत कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरली आणि चोवीस तासांत पूर्ववत झाली. काजवे कोणालाच चमकले नव्हते. आता साधी बेरीज करू. प्रशिक्षकाने एका सरावात वीस हेडर घ्यायला लावले, आठवड्यात तीन सराव झाले आणि वर्षात चाळीस आठवडे सराव चालला, तर वर्षाचे २,४०० हेडर होतात. यातला एकही सामन्यात मारलेला नाही. म्हणजे सरावातले हेडर सामन्यातल्या हेडरपेक्षा कितीतरी जास्त होऊ शकतात, आणि या मुद्द्यावर पुढचा सगळा इलाज उभा आहे.

मग असे आजार आपल्याकडे दिसत कसे नाहीत? याचे उत्तर डॉक्टरांआधी भाषेने दिलेले आहे: साठी बुद्धी नाठी. म्हातारपणी विसरणे, चिडणे, घरचा रस्ता चुकणे हे वयाचेच लक्षण असे एकदा ठरले की कारण शोधायचा प्रश्न उरत नाही. पण साठीला प्रत्येकाची बुद्धी नाठत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंश सुमारे ७.४ टक्के जणांना आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना. उरलेल्या नव्वदाहून अधिक टक्क्यांची बुद्धी जागेवर आहे. स्मृतिभ्रंशाची जी कारणे टाळता येतात त्यांची यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या समितीने २०२० मध्ये केली. त्यात उच्च रक्तदाब, बहिरेपणा, धूम्रपान यांच्या पंक्तीला डोक्याची दुखापतही बसवली आहे. आपल्या देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी पाचातल्या एकाहून थोड्या अधिक मृत्यूंनाच डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण मिळते. अशा नोंदींतून तालमीतला जुना बचावपटू आणि जुना गोलरक्षक यांची तुलना करणे अशक्य आहे. आपल्याकडे आजार दिसत नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही. इथे कान दिसतो, कारण तो बाहेर आहे. स्मृती घरात जाते, आणि घरातली गोष्ट घरातच राहते.

यावर कोणी म्हणेल की वरवंडात, पाटसला, यवतला फुटबॉलपेक्षा कबड्डी आणि कुस्ती जास्त, आणि त्याहून जास्त डोकी फुटतात ती महामार्गावर दुचाकीवरून पडून. हे खरे आहे, आणि या प्रकरणाच्या विरोधात मुळीच नाही. मेंदू मारामागचे कारण विचारत नाही. कबड्डीत चढाईपटू हात पुढे टाकून वाकलेला असतो, पकडीला धावलेल्या रक्षकाचा गुडघा किंवा खांदा त्याच्या डोक्याच्या उंचीवर येतो, आणि साखळीने उचलून टाकलेला खेळाडू कधी डोक्यावरच पडतो. तिथे चेंडू नसला तरी पीळ तोच असतो. महामार्गावर हेल्मेट न घालता पडणारा तरुण एका क्षणात जे गमावतो ते खेळाडू वीस वर्षांत थोडे थोडे गमावू शकतो; दोन्ही टाळण्यासारखे आहे, आणि एकाला टाळल्याने दुसऱ्याला टाळण्याची गरज संपत नाही. उलट ज्याने शाळेत डोके वाचवण्याची सवय लावून घेतली, त्याने मोटारसायकलवर हेल्मेट घालण्याची शक्यता जास्त असावी.

राहिला शेवटचा आक्षेप, तो मर्दानी खेळाचा. मैदानावर चार ठोकरा खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही, आणि अशा काळज्यांनी पोरे मऊ होतील, असे मानणारे पुष्कळ आहेत. पण ज्या खेळांना आपण मर्दानी म्हणतो त्यांनी स्वतःचे नियम वेळोवेळी बदललेले आहेत आणि ते बदलून मेले नाहीत. फलंदाजाने हेल्मेट घातल्याने क्रिकेट बायकी झाले नाही. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेऱ्यात रवींद्र जडेजाला डोक्यावर चेंडू लागला, त्याच्या जागी युझवेंद्र चहल उतरला आणि त्याने तीन बळी घेतले, तेव्हा चर्चा रंगली ती डावपेचाची. खेळाडू बाहेर बसला यात कोणाला पळपुटेपणा दिसला नाही. फुटबॉलमध्ये मात्र हेल्मेट हा उपाय नाही. ते हाड वाचवते, कवटीच्या आत होणारा पीळ रोखत नाही. तिथे उपाय एकच: मार कमी खाणे. आणि धीट खेळाडू हवा असेल तर तालमीकडे त्याचे उत्तर आधीच आहे. जोर-बैठकांसोबत मानेचाही व्यायाम करून तयार झालेली मान डोक्याला घट्ट धरून ठेवते. डोके जितके कमी हिंदकळेल तितका मेंदू कमी पिळला जातो. मऊ मानेच्या पोराला चेंडूखाली उभे करणे यात मर्दानी काही नाही.

जगातल्या काही फुटबॉल संघटनांनी मार कमी करण्याचा हा मार्ग धरलेला आहे. अमेरिकेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्यावर घेण्यास बंदी केली आणि अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांच्या सरावात त्यावर मर्यादा घातली. २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना सरावात हेडर शिकवणे थांबवले. २०२१ पासून इंग्लंडमध्ये व्यावसायिकांनाही जोरदार हेडर सरावात आठवड्याला दहापेक्षा जास्त नकोत अशी शिफारस आहे. लहान मुलांपासून सुरुवात करण्यामागे कारण आहे: मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे आणि मान बारीक असते, आणि मेंदू अजून घडत असतो. यातला कोणताही उपाय पैशाने अडत नाही. त्याला यंत्र लागत नाही, पुण्याला जाणे लागत नाही, अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला एवढेच करायचे आहे की बारा वर्षांखालच्या मुलांना उंच चेंडू छातीवर, मांडीवर, पायावर घ्यायला शिकवायचे, आणि मोठ्यांना हेडरचे तंत्र शिकवायचे ते आधी हलक्या, मऊ चेंडूवर, आठवड्यातून एकदा, मोजून. मोजून हा शब्द महत्त्वाचा. षटके मोजणारे, लोना मोजणारे आपण लोक. हेडर मोजणे अवघड जाऊ नये.

आणि मार बसलाच, काजवे चमकलेच, तर नियम त्याहून सोपा आहे. ज्याला घेरी आली, जो गोंधळला, ज्याला गुण किती झाले ते सांगता येत नाही, त्याला बाहेर काढायचे आणि त्या दिवशी परत पाठवायचे नाही. पाणी मारून, मीठ-साखर देऊन, बरा झालास ना असे विचारून नाही. हादऱ्यातून न सावरलेल्या मेंदूवर दुसरा मार बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदू झपाट्याने सुजून जीव जाऊ शकतो; हे क्वचित घडते, पण घडते तेव्हा वेळ मिळत नाही. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी, मग चालणे, मग धावणे, मग सराव, आणि डॉक्टरने पाहिल्यानंतरच सामना. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणे किंवा जाग न येणारी गुंगी दिसली, तर घरी हळद लावत बसायचे नाही. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचे. आणि सीटी स्कॅन चांगला आला म्हणून दुसऱ्या दिवशी मैदानावर जायचे नाही. स्कॅन फुटलेले हाड आणि साकळलेले रक्त दाखवतो, ताणलेले तंतू दाखवत नाही.

तेव्हा फुटबॉल सोडायचा का? नाही. स्कॉटलंडच्या आकड्यांनीच दाखवले की धावणाऱ्याचे हृदय न धावणाऱ्यापेक्षा बरे राहते, आणि शाळेनंतरचा वेळ मैदानावर घालवणाऱ्या मुलाला घरात कोंडणे हा कोणत्याच आजारावरचा उपाय नव्हे. खेळात मार अटळ आहे, पण सरावातला मार अटळ नाही. तो आपण सांगतो म्हणून बसतो. सामन्यात शेवटच्या मिनिटाला हेडरने गोल झाला तर गावाने जरूर गुलाल उधळावा. त्या एका हेडरसाठी सरावात दोनशे मारायला लावू नयेत, आणि बारा वर्षांखालच्या पोराला एकही नाही.